ऑपरेशनची तारीख मिळते, सामानाची यादी मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चवथ होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हणून गणेश चतुर्थीनंतर ढकललेली ऑपरेशने आता एकेक करून लागतील. तारीख मिळते तेव्हा रुग्णाच्या हातात तपासण्यांचा कागद पडतो आणि उपाशीपोटी किती वाजता यायचे ते सांगितले जाते. सामानाबद्दल मात्र एकच वाक्य कानावर येते, ‘लागते ते घेऊन या.’ काय लागते ते घरच्यांना ठाऊक नसते, म्हणून लग्नाला जावे तशी बॅग भरली जाते. वॉर्डांत नोकरी करून निवृत्त झालेल्या आम्हां परिचारिकांची मागणी साधी आहे. तारखेच्या कागदाबरोबर सामानाचाही एक कागद मराठीत आणि कोकणीत द्यावा, सरकारी इस्पितळाने आणि खासगी नर्सिंग होमनेही. त्या कागदावर काय असायला हवे ते खाली लिहितो.

बॅग भरण्याआधी घरच्या खाटेवर उताणे झोपून पाहा. डाव्या हाताला सलाईन लागले आहे असे समजून तो अंगालगत ठेवा. कुशीवर न वळता, पोटाला ताण न देता उजव्या हाताने काय काय घेता येते ते बघा. उशीच्या बाजूची हातभर जागा, बस. मोठ्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस सगळा संसार तेवढ्यात असतो. पाणी, चष्मा, फोन, रुमाल आणि बेल त्या हातभर जागेत हवी. खाटेखालची बॅग रुग्णासाठी नसल्यात जमा. शिवाय खाटेखालची लादी दिवसातून दोनदा तरी फिनेलच्या पाण्याने पुसतात, तेव्हा कापडी बॅग तळापासून भिजते. चाकांची मोठी ट्रॉली बॅग तर आणूच नये. तिथे स्ट्रेचर वळवायचे असते.

एका बॅगेऐवजी तीन लहान पिशव्या करा. पहिली ऑपरेशनच्या दिवसाची, दुसरी वॉर्डातल्या मुक्कामाची, आणि तिसरी घरीच भरून ठेवायची, डिस्चार्जच्या दिवशी आणायची. त्याशिवाय दोन बंदांची एक छोटी कापडी पिशवी उशाकडच्या दांडीला बांधायला घ्या. बाजूच्या कठड्याला ती बांधू नका. कठडा खाली पाडला की पिशवीही खाली जाते, आणि त्याच बाजूला लघवीची पिशवी आणि ड्रेनची (जखमेतले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) बाटली लटकत असते.

पहिल्या पिशवीत आधी फाईल. सगळ्यांत वर एक कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, वय, रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे, पूर्वी कोणती ऑपरेशने झाली, भूल देताना कधी त्रास झाला का, आणि घरच्या दोन माणसांचे फोन. फोनमध्ये नंबर असतातच, पण बॅटरी संपली की मुलाचाही नंबर आठवत नाही. त्याखाली ताज्या तपासण्या, ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), भूलतज्ज्ञांचा ‘फिटनेस’चा कागद, मग जुनी डिस्चार्ज कार्डे. एक्स-रेच्या फिल्म आणि सीटी स्कॅनची सीडीही घ्या. नुसता अहवाल पुरत नाही, सर्जनला चित्र बघायचे असते. फिल्म गुंडाळू नका, पावसात भिजू देऊ नका. ओल्या फिल्म एकमेकींना चिकटल्या की सुटत नाहीत.

आधार कार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर मुदत आजच बघा, नूतनीकरण लागते. ही योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ही मर्यादा सगळ्या कुटुंबाची मिळून असते. त्याच वर्षी घरातल्या दुसऱ्या कुणाचे ऑपरेशन झाले असेल तर किती उरले ते आधी विचारून घ्या. खासगी विम्याचे कॅशलेस असेल तर ठरलेल्या ऑपरेशनची सूचना साधारण ४८ ते ७२ तास आधी द्यावी लागते. भरतीच्या सकाळी काउंटरवर उभे राहून हे काम होत नाही.

आता औषधे. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. फार्मसीवाला दहातल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो. नाव आणि मुदत पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानातच राहते. हातात उरतात चार बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या. ‘सकाळची पांढरी आणि रात्रीची अर्धी गुलाबी’ एवढ्यावरून कुठलाही डॉक्टर औषध ओळखू शकत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यात अख्खी पट्टीच घ्या, आणि कागदावर औषधाचे नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहा.

ही यादी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना निदान आठ-दहा दिवस आधी दाखवायची असते, कारण काही गोळ्या आधीपासून बंद कराव्या लागतात. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे साधारण पाच दिवस आधी थांबवतात. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे निदान तीन दिवस आधी. त्यांच्यामुळे उपाशी शरीरात आम्ल साठू शकते, आणि साखर फारशी वाढलेली नसते म्हणून ते चटकन लक्षात येत नाही. उलट रक्तदाबाच्या आणि थायरॉईडच्या बऱ्याच गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. कोणती थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची हे डॉक्टरच ठरवतील. हृदयात स्टेंट असलेल्याने तर रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नये. काढा, चूर्ण, झाडपाला, लसणीच्या कॅप्सूल यांनाही औषध समजून यादीत लिहा. भरती झाल्यावर पट्ट्या सिस्टरच्या हवाली करा आणि त्या देतील तेवढेच घ्या. वॉर्डच्या ट्रेमधून एक गोळी आणि उशीखालून तीच दुसरी, असे झाले की रक्तदाब का कोसळला ते शोधण्यात रात्र जाते.

एक गोष्ट बॅगेत मावणारी नाही, पण सांगायला हवी. रोज संध्याकाळी फेणीचा किंवा व्हिस्कीचा पेग घेणाऱ्याने भूलतज्ज्ञांना खरे प्रमाण सांगावे. बायकोसमोर संकोच वाटत असेल तर तिला बाहेर बसवून सांगावे. रोजची दारू एकाएकी बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, माणूस बरळतो, नळ्या ओढून काढतो. आधी कळले तर त्यावर औषध देता येते. न कळले तर घरचे ‘भुलेचा परिणाम’ म्हणत बसतात.

दमा असेल तर पंप पहिल्या पिशवीतच, वॉर्डच्या सामानात नको. इन्शुलिन थंड पिशवीत आणा, पण बर्फाला चिकटवून नको. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा कामाचे नसते. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप लावणाऱ्यांनी यंत्र आणि मास्क दोन्ही आणावे.

कवळी, चष्मा आणि कानाचे यंत्र यांना झाकणाच्या कडक डब्या हव्यात. डबीवर चिकटपट्टी लावून पेनाने नाव आणि वॉर्ड लिहा. कवळी हरवण्याची जागा ठरलेली असते. ओटीला (ऑपरेशन थिएटरला) नेताना ती काढून टिश्यू पेपरमध्ये गुंडाळतात, ती पुडी टेबलावर राहते आणि सफाईवाली मावशी ती कचऱ्याच्या डब्यात टाकते. तिला दोष देता येत नाही, चुरगळलेला कागद कचऱ्यासारखाच दिसतो. नवी कवळी व्हायला काही आठवडे जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत चावून खायची गरज असते. हलणारा दात असेल तर भूलतज्ज्ञांना बोटाने दाखवा. श्वासाची नळी घालताना तो निखळून आत जाऊ शकतो. आयसीयूत पिशवी नेऊ देत नाहीत, पण चष्मा आणि कानाचे यंत्र आत पाठवा म्हणून आग्रह धरा. वयस्क माणसाला दिसले-ऐकू आले तर तो कमी गोंधळतो.

दागिन्यांची गोष्ट आदल्या रात्री घरीच मिटवा, ओटीच्या दारात वाद नको. रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारी कॉटरी वापरतात. अंगावर धातू असला तर त्या जागी भाजण्याचा धोका असतो. सलाईनमुळे बोटे सुजतात, मग अंगठी रुतते आणि ती कापावी लागते. वर्षानुवर्षे न निघालेली अंगठी आठवडाभर आधी साबणाच्या पाण्याने, हात थोडा वेळ उंच धरून काढायचा प्रयत्न करा. नाहीच निघाली तर सोनाराकडे जा. हिरव्या काचेच्या बांगड्या सलाईनच्या हातात नकोतच. मंगळसूत्र, नथ, जोडवी घरच्या देव्हाऱ्यात राहू देत. काळा दोरा, गंडा, ताईतही घरीच सोडून देवापुढे ठेवा. ओटीत तो कात्रीने कापला जातो आणि मग ‘देवाचा दोरा तोडला’ ही रुखरुख महिनाभर पुरते. कुलदेवतेचा अंगारा कागदाच्या पुडीत फाईलमध्ये खुशाल ठेवा. प्रसादाची फुले उशीखाली नकोत, दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्या होतात. उदबत्ती आणि पणती तर नाहीच नाही. शेजारच्या खाटेवर ऑक्सिजन चालू असतो.

आदल्या रात्री आणि सकाळी साबण लावून न्हाऊन या. नंतर अंगाला खोबरेल, पावडर, क्रीम काही लावू नका. तेलकट त्वचेवर ईसीजीची चकती आणि ड्रेसिंगची पट्टी धरत नाही. घरी वस्तऱ्याने केस काढू नका. ब्लेडने त्वचेवर बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांतून जंतू शिरतात. काढायचेच असतील तर इस्पितळात क्लिपरने (केस कापायच्या यंत्राने) काढतील. गडद नेलपॉलिश पुसून या, बोटाला लावायची ऑक्सिजनची चिमटी निळ्या-काळ्या रंगातून नीट वाचत नाही. लांब केसांचा अंबाडा नको. ओटीच्या टेबलावर डोके सपाट टेकत नाही आणि आकडे टोचतात. कानांमागून दोन सैल वेण्या घालाव्यात, टोकाला कापडी रिबन. अबोलीचा वळेसर (गजरा) माळायचा तो घरी परतल्यावर.

उपाशीपोटी म्हणजे काय यावरही गैरसमज आहेत. सर्वसाधारण नियम असा की हलके खाणे भुलेच्या सहा तास आधी संपवायचे, तळलेले किंवा मासे-मटणाचे जेवण आठ तास आधी, आणि नितळ पाणी दोन तास आधीपर्यंत. पण तुमच्या इस्पितळाने सांगितलेली वेळ हीच खरी. दुधाचा चहा हे ‘पाणी’ नव्हे. पेजेची निवळही पाणी नव्हे, तिच्यात पिठूळपणा असतो. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून ही सक्ती. ‘एकच घोट घेतला’ असे आपणहून सांगणाऱ्याचे ऑपरेशन काही तास पुढे जाते. लपवणाऱ्याच्या फुप्फुसाचे काय होईल ते सांगता येत नाही.

दुसरी पिशवी, म्हणजे वॉर्डातले कपडे. सात दिवसांना पुढून पूर्ण उघडणारे तीन किंवा चार सुती गाऊन किंवा शर्ट पुरतात, नेहमीपेक्षा एक माप मोठे, बाह्या रुंद. डोक्यावरून घालायचे काही आणू नका, हृदयाच्या बायपासनंतर तर मुळीच नको. छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर हात जोर लावून वर करायचे नसतात. बायपास झालेल्या स्त्रियांना पुढून बंद होणारी मऊ ब्रा लागते. पोटाच्या ऑपरेशनला नाडीचा परकर आणि इलॅस्टिकची पॅन्ट नेमकी टाक्यांवर बसते. पुरुषांना लुंगी सगळ्यांत सोयीची, लघवीच्या नळीसह नेसता येते. गर्भाशयाच्या ऑपरेशनला मोठ्या पॅडची दोन पाकिटे, गुडघ्याच्या ऑपरेशनला मांडीपर्यंत सरकणारी सैल बर्म्युडा.

डाग दिसू नये म्हणून घरचे मरून, काळे, गर्द निळे कपडे निवडतात. आमचा सल्ला उलटा आहे. फिकट रंग आणा. टाक्यांतून रक्त किंवा पाणी झिरपले तर ते आम्हांला पहिल्याच नजरेला दिसायला हवे. गडद गाऊनवर ते चादर भिजेपर्यंत कळत नाही.

सलाईन चालू असताना कपडा बदलायची पद्धत सोबत्याने शिकून घ्यावी. काढताना मोकळा हात आधी बाहेर. मग सलाईनच्या हाताची बाही खाली सरकवत नळीवरून आणि शेवटी बाटलीवरून काढायची. घालताना उलट, आधी बाटली बाहीतून आतल्या बाजूने आणायची, त्यामागे तो हात, मग मोकळा हात. बाटली सगळा वेळ हाताच्या वर. नळी मध्येच सोडवून पुन्हा जोडायची नाही. सलाईन पंपवर (ते मोजून सोडणाऱ्या विजेच्या यंत्रावर) असेल तर हातच लावू नका, सिस्टरना हाक मारा. फोन चार्ज करायला त्या पंपची पिन काढणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात एक तरी असतात. त्यापेक्षा भरलेली पॉवर बँक आणि दोन मीटरची वायर आणा.

टॉवेल टर्किश नको, दोन पंचे हवेत. या दिवसांत आपल्याकडे पंचादेखील वाळायला दिवस लागतो, टर्किश टॉवेल तिसऱ्या दिवशी कुबट वास मारू लागतो. ओल्या कपड्यांना दोन प्लास्टिकच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. चप्पल रबरी तळाची, मागे पट्टा असलेली, अर्धे माप सैल, कारण पाय सुजतात. घासून गुळगुळीत झालेली हवाई चप्पल आणि ओली न्हाणी एकत्र आली की नवे ऑपरेशन निघते.

पाण्याची बाटली मिलिलिटरच्या खुणा असलेली घ्या. किती प्याले आणि किती लघवी झाली याचा हिशेब वॉर्डात ठेवावा लागतो, ‘दोन पेले’ यावरून काही कळत नाही. वाकणाऱ्या स्ट्रॉ डझनभर आणा. उताणे झोपून पेल्याने पाणी पिता येत नाही, ठसका लागतो. ठसका लागला की टाके ओढतात.

फुप्फुसांच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र बहुतेकजण ऑपरेशननंतर विकत घेतात. ते आठवडाभर आधी घ्या. दुखत असताना नवे काही शिकणे कठीण असते. त्यात फुंकायचे नसते, ओढायचे असते. निम्म्या लोकांना हे दुसऱ्या दिवशी कळते. सरळ बसा, आधी श्वास पूर्ण सोडा, तोंडात नळी घट्ट धरा, हळू ओढा, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरा, मग नळी काढून श्वास सोडा. जागे असताना दर तासाला दहा वेळा. चेंडूंवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. आधीच्या आठवड्यात तुमचा कितवा चेंडू वर जात होता ते यंत्रावरच लिहून ठेवा, नंतर तिथवर परत पोचायचे आहे. पोट किंवा छाती दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो आणि ताप चढतो. खोकताना टाक्यांवर दाबून धरायला वीतभर रुंद, दीड वीत लांब घट्ट उशी आणा. नसेल तर जुनी चादर तेवढी घडी करून दोऱ्याने बांधा. दोन्ही हातांनी ती टाक्यांवर दाबायची, मग खोकायचे. दुखणे कमी होते आणि टाके उसवतील ही भीती जाते.

पायांचे घट्ट मोजे आणि पोटाचा पट्टा मात्र सांगितल्याशिवाय घेऊ नका. मोज्याचे माप सकाळी, पाय सुजण्यापूर्वी घोट्याला आणि पोटरीला टेप लावून घ्यायचे असते. अंदाजाने घेतलेला मोजा वरून गुंडाळला जातो आणि त्या जागी दोरी बांधल्यासारखा आवळतो.

विचारल्याशिवाय खाण्याचे काहीही आणू नका. पहिले घोट कधी द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. पोटाच्या ऑपरेशनला वारा सरला का, हा प्रश्न रोज विचारतात तो त्यासाठी. मग पाणी, निवळ, मऊ पेज असे चढत जाते. उकड्या तांदळाची पेज घरून आणायची तर थर्मासमधून, त्याच दिवशी शिजवलेली, बिनतिखटाची. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम जास्त असते, मूत्रपिंडाच्या रुग्णाला विचारल्याशिवाय देऊ नका.

सोबत राहणाऱ्याचे सामान वेगळे. चटई, चादर, मच्छरांसाठी लावायची ट्यूब, छत्री, पातळ स्वेटर, ओळखपत्र आणि त्याच्या स्वतःच्या गोळ्या. आईजवळ बसलेली पासष्ट वर्षांची मावशी स्वतःची रक्तदाबाची गोळी घरी विसरते आणि दुसऱ्या रात्री तिलाच तपासावे लागते. एक वही आणि पेन हवेच. राउंडला डॉक्टर दोन मिनिटे थांबतात. विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवले तर त्या दोन मिनिटांत उत्तरे मिळतात. दोन-तीन हजार रुपये सुट्या नोटांत जवळ असू देत, मोबाईलने पैसे भरायला वॉर्डात नेटवर्क मिळेलच असे नाही. काणकोण, सांगे किंवा सीमेपलीकडे दोडामार्गहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येणाऱ्यांना विसरलेली वस्तू आणायला पुन्हा घरी जाणे परवडत नाही. त्यांनी आदल्या दिवशी यादी हातात धरून पिशवी पुन्हा एकदा उपसावी.

रक्ताची तजवीज करायला सांगितली असेल तर दात्यांना आधी विचारून ठेवा. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. आधीच्या रक्तदानाला पुरुषाला ९० आणि स्त्रीला १२० दिवस झालेले हवेत. उपाशीपोटी किंवा रात्री पिऊन आलेला भाचा रक्तपेढीतून परत पाठवला जातो, मग ऐन वेळी धावपळ होते.

तिसरी पिशवी घरी. तिच्यात परतीचे सैल कपडे, सीटबेल्ट आणि टाके यांमध्ये धरायला एक उशी, आणि पायरीवर बसून घालता येतील अशा चपला. गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन असेल तर खरी तयारी पिशवीबाहेरची. भारतीय संडासावर बसता येणार नाही, म्हणून कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. सोप्याच्या (ओसरीच्या) पायऱ्या चढताना धरायला काय आहे ते बघा. पायात अडकणारी पायपुसणी उचला. डिस्चार्ज घेताना शरीरात बसवलेल्या सांध्याचा किंवा स्टेंटचा स्टिकर फाईलमध्ये लावला आहे ना, ते बघून घ्या. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तो पहिल्यांदा मागतात.

हे सगळे एका कागदाच्या दोन बाजूंवर मावते. अक्षर मोठे ठेवा, वाचणारी माणसे साठीच्या पुढची असतात. खाली चार ओळी कोऱ्या सोडा आणि भूलतज्ज्ञांकडच्या तपासणीच्या दिवशी त्या पेनाने भरून द्या: कोणती गोळी कोणत्या तारखेपासून बंद, शेवटचे खाणे किती वाजता, शेवटचे पाणी किती वाजता, रक्तदाते किती. आणि एक ओळ इस्पितळाने स्वतःबद्दल लिहावी, की चादर, ब्लँकेट, गाऊन, बेडपॅन, लघवीचे भांडे यांतले आम्ही काय देतो आणि काय देत नाही. ती ओळ नसल्यामुळे लोक बेडपॅन विकत आणतात आणि पांघरूण घरी विसरतात.

आपल्या,
इस्पितळांच्या वॉर्डांतून निवृत्त झालेल्या काही परिचारिका
तिसवाडी आणि फोंडा